न मोजलेली रोकड

मुंबईतील टॅक्सीचालक आणि अन्य कष्टकरी यांच्या चळवळीत वावरणाऱ्या जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६८ साली ‘बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक’ स्थापन केली. व्यापारी बँका ज्यांना दारात उभे करीत नव्हत्या त्यांना कर्ज मिळावे आणि त्यांच्या तुटपुंज्या बचतीला सुरक्षित जागा असावी, हा त्यामागील हेतू. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला तेव्हा अजून वर्षभराचा अवकाश होता. हीच बँक पुढे ‘न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध लादले आणि ठेवीदारांना एक रुपयाही काढण्यास मज्जाव केला. दुसऱ्याच दिवशी संचालक मंडळ दूर सारून प्रशासक नेमण्यात आला. ४ ऑगस्ट २०२५ पासून ती सारस्वत बँकेत विलीन झाली आणि समाजवादी चळवळीच्या इतिहासातील एक पान फारसा गाजावाजा न होता मिटले.

हळहळ बाजूला ठेवून या प्रकरणाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांना जी तूट आढळली ती बुडीत कर्जांतील नव्हती, रोख शिलकेतील होती. हिशेबाच्या वहीत असलेले सुमारे १२२ कोटी रुपये तिजोरीत नव्हते. पाचशेच्या नोटा धरल्या तरी ही रक्कम २४ लाखांहून अधिक नोटांची, म्हणजे शंभराची २४ हजारांहून अधिक पुडकी होते. एवढी रोकड मावेल इतकी त्या तिजोऱ्यांची क्षमताच नव्हती, असे तपासयंत्रणेच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले आहे. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. परंतु मार्च २०२४ अखेर ज्या बँकेच्या ठेवी सुमारे २,४३६ कोटी होत्या, तिने ठेवींच्या पाच टक्के रक्कम व्याज न मिळवता नुसती पडून का ठेवावी, हा प्रश्न ताळेबंद वाचणाऱ्या एकाही लेखापरीक्षकाला पडू नये? बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तो विचारील.

येथे आजच्या नियमनाचे एक मर्म उघडे पडते. बँकेच्या भांडवलाची पर्याप्तता मोजताना प्रत्येक मालमत्तेला जोखमीचा भार दिला जातो. बिनतारण कर्जाला तो अधिक, घरकर्जाला कमी आणि हाताशी असलेल्या रोकडीला शून्य. सूत्र तर्कशुद्ध आहे. रोकड बुडत नाही. मात्र ती तिजोरीत आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. या बँकेत ज्या रकान्यात जोखीम शून्य लिहिली जात होती, नेमके तेथेच भगदाड होते. गुणोत्तरे, विवरणपत्रे आणि श्रेणी यांची एवढी दाटी झाली आहे की दोन माणसांनी दोन किल्ल्यांनी तिजोरी उघडून नोटा मोजाव्यात, हे जुने काम कोणाच्या प्रतिष्ठेला साजेसे राहिलेले नाही.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे उदाहरण वाचकांच्या स्मरणात असेलच. सप्टेंबर २०१९ मध्ये तेथे निर्बंध आले तेव्हा प्रत्येक खातेदारास प्रथम अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये, एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकले होते आणि ते दडवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवण्यात आली, असे पोलिसांकडील तक्रारीत नमूद आहे. एका ऋणकोस किती कर्ज द्यावे याची मर्यादा तेव्हाही होती. पण मर्यादा पाळली की नाही, हे जिने ती मोडली तिच्याच कागदांवरून ठरत होते.

या जोखमीचा भार अखेर कोणी वाहिला? मार्च २०२० मध्ये येस बँक डबघाईस आली. तेथील निर्बंध तेरा दिवसांत उठले, स्टेट बँकेने भांडवल ओतले, ठेवीदाराचा पैही बुडाला नाही. पीएमसीच्या ठेवीदारांच्या वाट्याला मात्र सव्वादोन वर्षांहून अधिक प्रतीक्षा आली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली तेव्हा पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्याच्या आधारे मिळाली. त्यावरील ठेवी हप्त्याहप्त्याने दहा वर्षांत परत करण्याचे ठरले आणि पहिली पाच वर्षे त्यांवर व्याज नाही. संस्थात्मक ठेवीदारांच्या, म्हणजे पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्था यांसारख्यांच्या, ठेवींचा ऐंशी टक्के भाग प्रेफरन्स शेअर्समध्ये रूपांतरित झाला. साठीनंतर निवृत्तिवेतनाची पुंजी ज्याने तेथे ठेवली त्याला दहा वर्षांचा वायदा देणे, ही क्रूर थट्टा आहे.

सहकारी बँका बंद करून लोकांना मोठ्या बँकांकडे धाडावे, असा सल्ला यावर दिला जातो. येस बँक सहकारी नव्हती, छोटी नव्हती आणि व्यावसायिक व्यवस्थापनाची तिच्यापाशी वाण नव्हती, हे सल्लागार सोयीस्करपणे विसरतात. विम्याचे दावे बहुतेक सहकारी बँकांचेच असतात, ही त्यांची तक्रार मात्र खरी आहे आणि आपण ती मान्य केली पाहिजे. सभासदांनीच सर्वसाधारण सभेकडे पाठ फिरवली आणि संचालकपदे वर्षानुवर्षे त्याच घरांत राहिली. त्यावर उपाय म्हणून काय झाले? १ ऑगस्ट २०२५ पासून सहकारी बँकांच्या संचालकांची कमाल मुदत आठ वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्यात आली. न्यू इंडिया बँकेचे विलीनीकरण त्यानंतर तीनच दिवसांनी अमलात आले!

राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या योजनेत कर्मचारी, ठेवीदार, शेतकरी व कारागीर यांचे प्रतिनिधी संचालक मंडळावर असावेत, अशी तरतूद होती. कर्मचारी संचालकांच्या जागा २०१४ नंतर बहुतेक बँकांत वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवल्या गेल्या. रोखपालाच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला जे दिसते ते वरच्या मजल्यावरील समितीला दिसत नाही, हे साधे व्यवहारज्ञान त्या तरतुदीमागे होते. तीच तरतूद नागरी सहकारी बँकांना लागू करावी, लेखापरीक्षण समितीवर ठेवीदारांचा निवडलेला प्रतिनिधी असावा आणि पूर्वसूचना न देता रोकड मोजण्याचा अधिकार त्याला कायद्याने मिळावा.

आणखी एक गोष्ट तातडीने करण्यासारखी आहे. १९६२ मध्ये दीड हजार रुपयांच्या मर्यादेने सुरू झालेला ठेव विमा १९९३ मध्ये एक लाखावर आला आणि तेथेच २०२० पर्यंत, सत्तावीस वर्षे, थिजून राहिला. या सर्व काळात चांगल्या आणि पोखरलेल्या बँकेला हप्त्याचा दर एकच होता. आता जोखमीनुसार वेगवेगळा हप्ता आकारण्याचे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले असून २०२६-२७ या आर्थिक वर्षापासून तो लागू करण्याचे ठरले. म्हणजे प्रत्येक बँक किती जोखमीची, याचा हिशेब यापुढे नियामकाच्या दप्तरी असणार. तो दप्तरात ठेवून ठेवीदाराचा काय लाभ? आपल्या बँकेला कोणत्या दराने हप्ता भरावा लागतो, हे प्रत्येक शाखेच्या दारावर ठळक मराठीत लावण्याची सक्ती करावी.