धर्मशिक्षण कोणाचे, देखरेख कोणाची?

समर्थ रामदासांचे जांब आणि १९४८ पर्यंतची निजामी राजवट, हे दोन्ही वारसे ज्या जालना जिल्ह्यात नांदतात, तेथे शाळेतील धर्मशिक्षणाचा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहत नाही. घटनेच्या २८व्या कलमाने संपूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणास मज्जाव केला. अनुदानित शाळेतही ते पालकांच्या संमतीवाचून लादता येत नाही. (हे कलम शारदापूजनाच्या वेळी कितीजणांना आठवते, हा प्रश्न अलाहिदा.)

मदरशांसाठी राज्यात २०१३ साली डॉ. झाकीर हुसेन योजना आली. धर्म मदरशाने शिकवावा, गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचे मानधन शासनाने द्यावे, ही वाटणी रास्तच आहे. परंतु डी.एड. शिक्षकाचे मानधन दरमहा ६००० रुपये होते. ते १६००० करण्याचा निर्णय व्हायला २०२४ साल उजाडावे लागले!

याहून गंभीर बाब देखरेखीची. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. मदरसे आणि वेदपाठशाळा मात्र २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्याबाहेर ठेवण्यात आल्या. म्हणजे एकाच गल्लीतील दोन मजुरांपैकी एकाला शाळेला जाब विचारण्याचा कायदेशीर हक्क आहे, दुसऱ्याला नाही. श्रद्धेची तपासणी शासनाने करू नये. मुलाला भागाकार येतो की नाही, हे मात्र बापाला विचारता आले पाहिजे. मदरशांचे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातच येतात. अनुदानाच्या अटींत पालक समितीची एक अट वाढविण्यासाठी संसदेकडे जाण्याचे कारण नाही. राज्य शासनाचा एक निर्णय पुरेसा आहे.