गाडी जुनी आहे, साहेब!

गॅरेजवाल्यांच्या भात्यात एक ब्रह्मास्त्र असतं: "गाडी जुनी आहे, साहेब." हे सोडलं की समोरचा गप्प. दार करकरतंय? गाडी जुनी आहे. काच अर्ध्यावर अडकते? गाडी जुनी आहे. तिथपर्यंत ठीक. पण अपघाताची दुरुस्ती होऊन आलेल्या गाडीचं स्टिअरिंग ढिलं लागत असेल, तर हे उत्तर अजिबात ऐकून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते निदान नाहीच, निदान टाळायची ती पळवाट आहे.

समजा, कालच्या रिलीजनंतर एखादं पेज उघडेनासं झालं आणि मी "सिस्टिम जुनी आहे हो" असं म्हणालो, तर मॅनेजर मला लगेच केबिनमध्ये घेईल. आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: काल काय बदललं? गाडीलाही हाच न्याय लावा की. झीज वर्षानुवर्षं, हळूहळू होते. धडकेआधी नीट असलेलं स्टिअरिंग गॅरेजमधून आल्यावर दोन बोटं रिकामं फिरतंय, तर आधी संशय धडकेवर आणि दुरुस्तीवर घ्यायचा, वयावर नंतर.

आता 'ढिलं' म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवा. स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाक हलत नाही, हा झाला प्ले. स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढते, ही वेगळी तक्रार. पहिलीत एखादा सांधा किंवा बोल्ट सैल असतो, दुसरीत बहुधा कोन बिघडलेले असतात (किंवा टायर, ब्रेक). दोन्हींना एकच औषध देणाऱ्यापासून सावध राहावं हे उत्तम.

मारुती 800 पासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत रॅक अँड पिनियन स्टिअरिंग असतं. साखळी सोपी आहे: स्टिअरिंग, कॉलम, त्याचा जॉइंट, रॅक, रॅक एंड, टाय रॉड एंड, मग चाक. प्ले यातच कुठेतरी असतो, किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट, बुश आणि व्हील बेअरिंगमध्ये. शोधायला दोन माणसं पुरतात. गाडी चाकांवर उभी ठेवून एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं (पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून), दुसऱ्याने एकेका सांध्याला हात लावून पाहायचं. एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तिथे चोर सापडला. मग जॅक लावून चाक घड्याळातल्या 3 आणि 9 वर धरून हलवायचं: खडखड आली तर टाय रॉडकडे बघा. 12 आणि 6 वर आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. कुणाला ब्रेक दाबायला सांगितलं आणि खडखड थांबली, तर बहुधा बेअरिंग. झालं! यात रॉकेट सायन्स काहीही नाही.

पण सांगतात काय? "अलाइनमेंट करून घ्या." हे म्हणजे सर्व्हर रिस्टार्ट करून तिकीट बंद करणं. बाबांची गाडी 13 वर्षांची. पुढून डावीकडे दुभाजकाला घासली. दुरुस्तीत डावा टाय रॉड एंड नवा टाकला, बिलातही तसं होतं. तरी प्ले होताच. दोनदा अलाइनमेंट झाली, दोन्ही वेळा कागदावर सगळे आकडे हिरवे! साहजिक आहे. मशीन उभ्या गाडीचे कोन मोजतं, सांध्यातला सैलपणा नाही. शेवटी गल्लीतल्या एका मेकॅनिकने रबरी बूट मागे सारला आणि आतला रॅक एंड हलवून दाखवला. धक्का चाकातून आत गेला होता. बाहेर दिसणारा भाग बदलला, आतला तसाच राहिला.

कागद मात्र जपून ठेवा. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो बदलता येतो, कँबर आणि कॅस्टर बदलायची सोयच नसते. त्यामुळे धडकेच्या बाजूचाच कँबर लाल आला तर काहीतरी वाकलेलं असण्याची शक्यता मोठी. तिथे "चालतंय हो" म्हणणाऱ्याला हात जोडा आणि पुढे व्हा.

गॅरेजवाले असं का वागतात? एक कारण पैशाचं आहे. साध्या विमा पॉलिसीत 10 वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. रबर आणि प्लास्टिकवर तर गाडी कितीही नवी असो, 50 टक्केच. म्हणजे नवा भाग टाकला की निम्मा खर्च आपल्या खिशातून. मग 'ठोकून सरळ करू' हा मोह दोन्ही बाजूंना होतो. पत्र्याच्या बाबतीत खुशाल करा. पण स्टिअरिंगचा वाकलेला भाग ठोकून सरळ करायचा नसतो, बदलायचा असतो. आणि उघडल्यावर नवीन नुकसान दिसलं, तर काम पुढे रेटण्याआधी सर्व्हेअरला पुन्हा बोलवा. क्लेम मिटल्यावर कोण विचारतंय?

म्हणून गाडी ताब्यात घेताना रंग बघत बसू नका. तीन गोष्टी मागा: बदललेले जुने भाग, आधीचा आणि नंतरचा अलाइनमेंटचा कागद, आणि जॅकवर चाक हलवून दाखवणं. कुणी वैतागलं तर वैतागू दे. ताशी 80 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. तेवढ्या वेळात स्टिअरिंगची दोन बोटं रिकामी जाणं परवडत नाही, गाडी जुनी असो की नवी.