गुडिसन पार्क : उपकार नव्हे, परतफेड

लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर एव्हर्टन क्लबचे पुरुष १८९२ पासून खेळत होते. २०२५ मध्ये ते नव्या मैदानावर गेले. जुने पाडण्याचा बेत मात्र रद्द झाला; ते क्लबच्या महिला संघाला मिळाले. याला कोणी उपकार म्हणेल, तर मला ते मुळीच मान्य नाही! २६ डिसेंबर १९२० रोजी येथेच डिक, कर लेडीज आणि सेंट हेलेन्स या महिला संघांचा सामना पाहायला सुमारे ५३,००० माणसे लोटली होती. वर्षभरातच इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. म्हणे, हा खेळ स्त्रियांना शोभत नाही! बंदी पन्नास वर्षे टिकली. आज तेथे पुष्कळ खुर्च्या रिकाम्या दिसतात. दिसोत बापड्या! तिकीटविक्री मोजून दोन-तीन हंगामांत निकाल लावण्याची घाई क्लबने करू नये.