विश्लेषण : नाळ कापण्याआधी तीन मिनिटे थांबले तर काय होते? खान्देशासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

बाळ जन्मले की नाळेला चिमटा लावायचा आणि लगेच कापायची, ही अनेक प्रसूतिगृहांची जुनी सवय. मात्र किमान एक मिनिट थांबून नाळ कापावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये केली. केंद्र सरकारच्या २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातही नाळ उशिरा कापण्याचा समावेश आहे. लहान मुलांमधील रक्तक्षय वाढत असताना या बिनखर्चाच्या उपायाकडे दुर्लक्ष परवडणारे नाही.

पोटात बाळाचे रक्त कसे फिरते?

गर्भात बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. त्यांच्याकडे फार थोडे रक्त जाते. फुप्फुसांचे काम वार करते. नाळेतील दोन धमन्या बाळाचे रक्त वारेकडे नेतात आणि एक शीर प्राणवायू मिसळलेले रक्त परत आणते. म्हणजे जन्माच्या क्षणी बाळाचे सगळे रक्त बाळाच्या शरीरात नसते. जवळपास एक तृतीयांश रक्त नाळ आणि वारेत असते. हे रक्त आईचे नसून बाळाचेच असते.

जन्मल्यावर काय बदलते?

पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसांत हवा शिरते, तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्ताचा ओघ तिकडे वळतो. ठिबकवर केळी घेणाऱ्या शेतकऱ्याला हे लगेच समजेल. दुसरा व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय पहिला बंद केला, तर पाइपवर दाब येतो. बाळाने श्वास घेण्याआधीच नाळ बंद केली, तर तसेच होते. रक्तदाब एकदम वाढतो. नाळेतून हृदयाकडे परतणारे रक्त थांबते आणि फुप्फुसांकडून येणारे रक्त अजून सुरू झालेले नसते. हृदयाचे ठोके मंदावू शकतात.

थांबल्याने किती रक्त मिळते?

वेळेवर जन्मलेल्या बाळाला तीन मिनिटांत साधारण ८० ते १०० मिलिलिटर जास्तीचे रक्त मिळते. तीन किलोच्या बाळासाठी हा मोठा वाटा आहे. या रक्तातील लोह शरीरात साठते. आईच्या दुधात लोह कमी असते, त्यामुळे पहिले सहा महिने बाळ मुख्यतः या साठ्यावर निभावते.

याला पुरावा काय?

स्वीडनमध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४०० बाळांची तुलना झाली. नाळ लगेच कापलेल्या बाळांपैकी ५.७ टक्के बाळांत चौथ्या महिन्यात लोहाची कमतरता होती. तीन मिनिटे थांबलेल्या गटात हे प्रमाण ०.६ टक्के होते. आपल्याशी जास्त जुळणारे उदाहरण नेपाळचे आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात ५४० बाळे होती. एका मिनिटाच्या आत नाळ कापलेल्या गटात आठव्या महिन्यात ८२.२ टक्के बाळांना रक्तक्षय होता. तीन मिनिटे थांबलेल्या गटात तो ७३ टक्के होता. रक्तक्षय संपला नाही, पण कमी झाला.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तर हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. अनेक देशांतील चाचण्यांचे २०२३ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. त्यात नाळ उशिरा कापलेल्या बाळांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला.

खान्देशासाठी हे महत्त्वाचे का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ५३.८ टक्के मुलांना २०१५-१६ मध्ये रक्तक्षय होता. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ६८.९ टक्क्यांवर गेले. गर्भवतींमध्ये ते ४५.७ टक्के होते. आईचेच रक्त कमी असेल, तर बाळाचा साठाही तोकडा असण्याची शक्यता वाढते.

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचाही प्रश्न आहे. मात्र सिकलसेल आनुवंशिक आहे. नाळ उशिरा कापल्याने तो टळत नाही, त्यासाठी रक्ततपासणीच लागते.

मग अडते कुठे?

खर्च शून्य आहे, यंत्र लागत नाही. अडचण सवयीची आणि कामाच्या ताणाची आहे. आईचा रक्तस्राव टाळण्यासाठी लगेच नाळ कापावी, असे पूर्वी शिकवले जाई. नंतरच्या अभ्यासांत उशिरा कापल्याने आईचा रक्तस्राव वाढत नसल्याचे दिसले. रक्तस्राव रोखण्याचे ऑक्सिटोसिन इंजेक्शन नाळ न कापताही देता येते. पण एका सिस्टरकडे एकाच वेळी दोन बाळंतिणी असतील, तर तीन मिनिटे मोठी वाटतात. लोहाच्या गोळ्या मोजता येतात. नाळ कधी कापली हे कळायला मात्र कुणीतरी घड्याळाकडे पाहावे लागते.

धोका आहे का? कधी थांबू नये?

काही बाळांत कावीळ थोडी वाढते आणि प्रकाशोपचार लागू शकतात, म्हणून कावीळ तपासण्याची सोय हवी. बाळ श्वास घेत नसेल, आईला जोराचा रक्तस्राव होत असेल किंवा वार आधीच सुटली असेल, तर निर्णय डॉक्टरांचा. तिथे मिनिटे मोजण्याचा आग्रह नको. वेळ वाचवण्यासाठी नाळ पिळून रक्त बाळाकडे ढकलण्याचा प्रकारही सरसकट सुरक्षित नाही. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांमध्ये त्यामुळे मेंदूत गंभीर रक्तस्राव वाढल्याचे २०१९ मध्ये समोर आले.

कुटुंबाने काय करावे?

कळा सुरू झाल्यावर हा विषय काढून उपयोग नाही. आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीतच डॉक्टर किंवा सिस्टरना विचारावे, ‘बाळ ठीक असेल तर नाळ थोडी थांबून कापाल का?’ सिझेरियन होणार असले तरी विचारता येते. थांबलेल्या वेळात बाळाला कोरडे करून आईच्या पोटावर ठेवता येते. त्यामुळे रक्त मिळण्यात फरक पडत नाही. गर्भवतीला लोहाच्या गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या आशा ताईंनी हा प्रश्नही सोबत सांगितला, तर तो घरोघरी पोहोचेल.