मागच्या सीटवरचं मत

बैल घ्यायला बाजारात गेलेला शेतकरी हा मोटार घ्यायला शोरूममध्ये गेलेल्या सुशिक्षित गृहस्थापेक्षा शंभर पटींनी शहाणा असतो, असं माझं ठाम मत आहे. शेतकरी आधी दात बघतो. मग खांद्यावरून हात फिरवतो, खूर बघतो, चाल बघतो, आणि एवढं करूनही पैसे काढायच्या आधी म्हणतो, ‘जुंपून दाखवा.’ तेही रिकाम्या गाडीला नव्हे. भरल्या गाडीला, आणि जमलंच तर चढावर. उलट बारा लाखांची मोटार घेणारे आम्ही बी.ए., बी.एड. लोक काय करतो? रिकामी मोटार सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटं फिरवून आणतो आणि ‘छान आहे’ म्हणतो. याला म्हणे टेस्ट ड्राइव्ह!

फर्दापुरात राहणाऱ्या माणसाला शोरूम गाठायचं तर एक तर शंभरेक किलोमीटर संभाजीनगरला जावं लागतं, नाहीतर साठेक किलोमीटर जळगावला. मी दोन्हीकडे जाऊन आलो. तीन गाड्या पाहिल्या. नावं सांगत नाही, कारण तिन्हींचे मालक माझ्या ओळखीत आहेत आणि मला इथंच राहायचंय. प्रकार सगळीकडे सारखाच. टाय लावलेला एक मुलगा शेजारी बसतो, एसी थंडगार करतो, गाणं मोठ्यानं लावतो (इंजिनाचा आवाज ऐकायचा राहून जातो) आणि म्हणतो, ‘काका, एकदा फील घ्या!’ रस्ताही तोच ठरवतो. शोरूमपासून पेट्रोल पंप आणि परत. मी तीस वर्षं शाळेत काढली. पण परीक्षा देणाऱ्यानंच पेपर काढायची पद्धत मी दुसरीकडे कुठंही पाहिलेली नाही.

मी त्याला म्हटलं, ‘अरे बाबा, गाडीत आमच्या आई बसणार आहेत. वय एक्याऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांना एकदा बसवून बघू?’

‘कशाला काका त्यांना त्रास? डिलिव्हरीच्या दिवशी आणा ना. मोठी किल्ली हातात देऊन मस्त फोटो काढू.’

सौ.नं त्याच दिवशी दोन हजारांच्या साडीला पावणेदोन तास लावले होते. पदर उलगडला, खांद्यावर टाकला, उलटी बाजू पाहिली, साडी दुकानाच्या पायरीवर नेऊन उन्हात रंग पाहिला. दुकानदार एका शब्दानं बोलला नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आईचे गुडघे लावून बघतो म्हटलं, तर मीच विक्षिप्त!

आमचे मेहुणे म्हणतात, ‘पूर्वी कुठं होती तुमची टेस्ट ड्राइव्ह? लोक नंबर लावायचे आणि मिळेल ती गाडी घ्यायचे.’ खरं आहे. फियाट नाहीतर अँबॅसिडर, आणि वर्षानुवर्षं वाट. पण दाजी, तेव्हा गाडी घेणारा माणूस त्या गाडीतून आधी दहा लग्नांना जाऊन आलेला असायचा. पुढच्या सीटला फट नाही, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्यामुळं पुढं तीन, मागं चार, शिवाय मांडीवरची पोरं आणि टपावर वळकट्या. भरल्या गाडीची परीक्षा आपोआप होऊन जायची. 14 डिसेंबर 1983 ला मारुती 800 आली, किंमत पन्नास हजारांच्या आत. तिला ‘डबा’ म्हणणारे लोकसुद्धा कुणाच्या तरी डब्यात दाटीवाटीनं बसून आले आणि मगच नंबर लावायला गेले. आज गाड्या डझनांनी आहेत. परीक्षा तेवढी गेली.

गाड्यांची खरी तुलना बघायची असेल तर आमच्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवर या. अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत खासगी गाडी जाऊ देत नाहीत. ती इथं लावायची आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं जायचं. त्यामुळं साऱ्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांच्या गाड्या, माणसांनी आणि डब्यांनी गच्च भरलेल्या, आमच्या डोळ्यांदेखत उभ्या राहतात आणि दारं उघडतात. लेणी सोमवारी बंद असतात. बाकी सहा दिवस हे प्रदर्शन फुकट आहे.

मी तिथं चहा पीत बसतो आणि दारं बघतो. उंच गाडीतून नातू उडी मारतो, आजोबा पाय खाली सोडून जमीन शोधत राहतात. बुटक्या गाडीत आजी अशा रुतलेल्या असतात की त्यांना दोघांनी ओढून काढावं लागतं. तिसऱ्या रांगेतून एखादा मेहुणा घडी उलगडल्यासारखा बाहेर येतो आणि पाच मिनिटं कुणाशी बोलत नाही. या वेळी मालकाला काही विचारू नये. ‘एक नंबर गाडी’ याखेरीज तो काही सांगणार नाही. बारा लाख घालून कोण सांगेल? विचारायचं ते मागच्या सीटवरच्या बाईला. परवा एकीला विचारलं, ‘कशी आहे हो गाडी?’ त्या म्हणाल्या, ‘यांना फार आवडते.’ मी लगेच ती गाडी माझ्या यादीतून काढली.

यातल्या संभाजीनगरकडून येणाऱ्या गाड्या अजिंठ्याचा घाट उतरून येतात. काहींच्या चाकांपाशी जळका वास येतो. काही हुशार लोक पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात. एखादा महाभाग इंजिनच बंद करतो. इंजिन बंद झालं की ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही आटते, आणि सगळा भार तापलेल्या ब्रेकवर पडतो. बरं, आजच्या गाड्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की उतारावर पेट्रोल बहुधा आपोआप तोडतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही. पाच माणसं आणि सामान घेऊन उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कशी आवरते, हे पेट्रोल पंपापर्यंत जाऊन कुणाला कळलंय?

यावर तो टायवाला मुलगा माहितीपत्रक पुढं करतो. त्यातला ॲव्हरेजचा आकडा प्रयोगशाळेत, चाकं रुळांवर फिरवून काढलेला. एकाच मापानं मोजलेल्या दोन गाड्या ताडून बघायला तो ठीक; पण त्या रुळांवर अजिंठ्याचा घाट नसतो आणि मागं आमच्या आई बसलेल्या नसतात.

तारे मात्र मी मानतो. 2014 साली ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगानं आपटून पाहिल्या. मोठ्यांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य! मग लोक जागे झाले. 2018 मध्ये टाटाच्या नेक्सॉननं पाच तारे मिळवले आणि 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप आली. हे उत्तमच झालं. पण तारे सांगतात ते धडकल्यानंतरचं. धडकू नये म्हणून वळणावर गाडी किती ऐकते, दिवे रात्री किती लांब पडतात, भरली गाडी गतिरोधकाला पोट घासते का, हे आपलं आपणच बघायचं असतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. टेस्ट ड्राइव्ह अर्धा दिवसाची असावी. घरची सगळी माणसं आत, डिकीत बॅगा, एकदा घाट वर, एकदा खाली, आणि परतताना अंधार पडलेला. विक्रेते म्हणतात, एवढं फिरवायची परवानगी नाही, पेट्रोल कोण देणार? पेट्रोल मी देतो! जो माणूस निवृत्तीचे बारा लाख मोजायला बसलाय, तो पाचशेच्या पेट्रोलला मागं हटेल का?

जळगावचा मुलगा अखेर तयार झाला. येत्या रविवारी तो गाडी घेऊन फर्दापूरला येणार आहे. अट एकच, तो स्वतः गाडीत असलाच पाहिजे. गाडी पाच माणसांची. चालवायला मुलगा, मागं आई, सौ. आणि सूनबाई, पुढं तो टायवाला. मी हिशेब दोनदा करून पाहिला.

‘तू खाली टी-पॉइंटवर थांब,’ आई म्हणाल्या. ‘तुला कुठं मागं बसायचंय?’