पाणबुड्या व्हायचे तर आधी हातात कसब हवे



बारावीचा निकाल लागला की घरोघरी करिअरची चर्चा सुरू होते. इंजिनिअरिंग, बँक, सैन्य, रेल्वे ही नेहमीचीच नावे. कारवार आणि गोवा आपल्या अळणावरपासून जवळ असल्याने एखाद्या धाडसी मुलाच्या मनात कमर्शियल डायव्हिंगही येते. पाण्याखाली काम आणि भरपूर पगार, हे ऐकायला छान वाटते. या व्यवसायाला माझा विरोध नाही. मात्र त्याचे शिक्षण निवडताना जी घाई होते, तिला विरोध आहे.

मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर किंवा मालवणजवळ तारकर्लीला शिकवतात ते स्कुबा डायव्हिंग हौशी लोकांसाठी असते. पाठीवर सिलिंडर घेऊन जास्तीत जास्त ४० मीटरपर्यंत जायचे आणि मासे पाहून वर यायचे. तो दाखला पर्यटन व्यवसायात उपयोगी पडतो, पण त्यावर तेलविहिरीवर काम मिळत नाही. व्यावसायिक पाणबुड्याला नळीतून वरून हवा पुरवतात. त्याच्या हेल्मेटमध्ये टेलिफोन असतो आणि वर त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसे असतात. साध्या हवेवर तो साधारण ५० मीटरपर्यंत काम करतो. त्याहून खोल कामासाठी हेलियममिश्रित वायू लागतो. अशा खोल कामावरची माणसे जहाजावरील दाबाच्या बंद खोलीत कित्येक दिवस राहतात.

यातला धोका किती, हे मुंबई हायने दाखवून दिले आहे. २७ जुलै २००५ रोजी 'समुद्र सुरक्षा' हे जहाज तिथल्या तेलफलाटाच्या गॅसनळांवर आदळले आणि आग लागली. २२ जणांचे प्राण गेले. त्या वेळी जहाजावर दाबाच्या खोलीत सहा पाणबुडे होते. इतरांप्रमाणे त्यांना उडी मारून निघता येईना, कारण शरीरावरचा दाब हळूहळू उतरवायला काही दिवस लागतात. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली.

आता मुख्य मुद्दा. पाण्यात उतरणे हा केवळ कामावर जाण्याचा रस्ता आहे. खाली गेल्यावर वेल्डिंग, कटिंग, नट-बोल्ट आवळणे, तपासणी, फोटो काढणे ही कामे करायची असतात. आपल्या काळी नदीवर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणे आहेत. धरणांचे दरवाजे, पुलांचे पाये, बंदराचे धक्के, जहाजांचे तळ, सगळीकडे हेच कसब लागते. ज्याला जमिनीवर नीट वेल्डिंग येत नाही, त्याला गढूळ पाण्यात, चाचपडत ते कसे जमणार? म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आधी आयटीआयमधून वेल्डर किंवा फिटर व्हावे आणि दोन वर्षे काम करावे. मग डायव्हिंगकडे वळावे. डायव्हिंग जमले नाही तरी पोट भरण्याचे साधन हाती राहते.

पालकांनी फी भरण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, मुलाचे कान, फुप्फुसे आणि हृदय यांची तपासणी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. दमा किंवा कानाचा जुना विकार निघाला, तर पैसे वाचतील आणि जीवही. दुसरी, मिळणारा दाखला 'इम्का' या लंडनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्य यादीत आहे का, ते स्वतः पाहावे. एजंटाच्या तोंडी भरवशावर राहू नये. तिसरी, शेत गहाण टाकण्यापूर्वी मागच्या तुकडीतील चार मुलांना भेटून आज काय करता, असे विचारावे. जी संस्था त्यांची नावे सांगायला टाळाटाळ करते, तिथून परत फिरावे.

सुरुवातीला बहुतेकांना बोटीवर उभे राहून दुसऱ्याची नळी सांभाळावी लागते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळला की कामे थांबतात आणि मिळकतही थांबते. हे मुलाला आधीच सांगावे. एवढे ऐकूनही ज्याचा उत्साह टिकेल, त्याला जरूर पाठवावे. तळ्यात बिनधास्त सूर मारणाऱ्या मुलांची आपल्याकडे वाण नाही. त्या धाडसाला हातातल्या कसबाची जोड मिळावी, एवढेच सांगणे.