तळटिपा नसलेली आवृत्ती

सूची करणे हे समीक्षेच्या अलीकडचे, हमालीचे काम आहे असा समज आपल्याकडे रूढ आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. ती हाताशी न घेता एकोणिसाव्या शतकावर लिहिणे अवघड. तरीही दात्यांना समीक्षक म्हणायला आपली जीभ रेटत नाही. वास्तविक सूचिकार कशाला स्वतंत्र ग्रंथ मानतो, कशाला निव्वळ पुनर्मुद्रण मानतो आणि कशाची नोंदच करत नाही, हे सारे वाङ्मयीन निर्णय असतात. गेले काही महिने हाच धडा मी एका अनपेक्षित ठिकाणी गिरवतो आहे : जुने व्हिडिओ गेम चालवणारा लाँचर जुळवताना आणि पुन:पुन्हा दुरुस्त करताना.

लाँचर म्हणजे काय हे आधी सांगायला हवे. जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला इम्युलेटर म्हणतात, आणि कॅसेटच्या चिपमधील मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतलेल्या फाइलला रॉम. असे दहा इम्युलेटर आणि शेकडो रॉम एकत्र आले की त्यांची मांडणी करणारा मध्यस्थ लागतो. तो मुखपृष्ठ, साल, निर्माता आणि चार ओळींचे वर्णन यांसह यादी पडद्यावर दाखवतो आणि निवडलेली रॉम योग्य इम्युलेटरच्या हवाली करतो. हा लाँचर. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर रेट्रोपायबरोबर येणारा इम्युलेशनस्टेशन हा त्यांपैकीच एक. यंत्र कोणते, त्याचे गेम कोठे ठेवले आहेत, कोणत्या शेपटाची फाइल स्वीकारायची, कोणती आज्ञा द्यायची, हे सारे साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असते. पडद्याची सजावटही तशीच. म्हणजे ज्याला वाचता येते त्याला लाँचर बदलता येतो, आणि अर्थातच बिघडवताही येतो.

हे बिघाड मोठे वाचनीय असतात. लिनक्सच्या लेखी लहान आणि मोठी रोमन अक्षरे वेगळी. मी स्वत: लिहिलेल्या व्यवस्थेत फक्त लहान अक्षरांतील शेपूट नोंदवले होते, त्यामुळे मोठ्या अक्षरांतील फायली लाँचरने पाहिल्याच नाहीत. ज्या यंत्राखाली एकही फाइल सापडत नाही ते यंत्र तो पडद्यावरून वगळतो. काही चुकले आहे असे तो म्हणत नाही. ते यंत्र कधी नव्हतेच असे वागतो. दुसऱ्यांदा एका नोंदीच्या शेवटची समाप्तीची खूण लिहायची राहिली, आणि त्या यादीतील सगळी वर्णने एकदम नाहीशी झाली. तिसरा प्रसंग अधिक बोधप्रद. लाँचर चालू ठेवूनच मी एका संध्याकाळी यादीच्या फाइलमध्ये वर्णने लिहीत होतो आणि एकेक गेम चालवून पाहत होतो. बंद होताना लाँचरने आपल्या स्मरणातील जुन्या नोंदी माझ्या लेखनावर उमटवल्या. लेखनिकाने नवी प्रत करताना समासातील टिपा गाळाव्यात, तसे झाले.

पण खरा प्रश्न या बिघाडांचा नाही. लाँचर सुरळीत चालू लागल्यावर तो सुरू होतो. १९९७पासून विकसित होत आलेल्या मेम या आर्केड इम्युलेटरमध्ये ‘पॅक-मॅन’ हा गेम मूळ मानलेला नाही. नामको कंपनीचा १९८०चा जपानी ‘पक-मॅन’ हा तेथे जनक, आणि मिडवेने अमेरिकेत आणलेला ‘पॅक-मॅन’ त्याचे अपत्य. जागा वाचवण्यासाठी अपत्याच्या संचात बहुधा फक्त भेद असलेला मजकूर ठेवतात; ध्वनी आणि रंग यांची माहिती जनकाच्या फाइलमधून येते. यादीत एकच गेम दोनदा दिसतो म्हणून मी ‘पक-मॅन’ची फाइल काढून टाकली, आणि ‘पॅक-मॅन’ चालेनासा झाला. पाठभेदाचे महत्त्व इतक्या रोखठोकपणे मला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नव्हते.

कोनामीचा ‘कॉन्ट्रा’ घ्या. १९८८च्या जपानी फॅमिकॉम आवृत्तीत टप्प्यांच्या मध्ये नकाशा आणि छोटी दृश्ये आहेत, बर्फाच्या टप्प्यात हिमवर्षाव होतो. त्याच वर्षीच्या अमेरिकी आवृत्तीत हे नाही. युरोपात १९९०मध्ये तोच गेम ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने आला. तेथे माणसांच्या जागी यंत्रमानव आहेत. मग ‘कॉन्ट्रा’ म्हणजे यांतील कोणता? संग्राहकांमध्ये रूढ असलेले उत्तर सोपे आहे : एका गेमची एकच रॉम ठेवावी आणि बाकीच्या वगळाव्यात. वगळल्या नाहीत तरी माहिती आपोआप भरताना जपानी आणि अमेरिकी या दोन्ही फायलींना ‘कॉन्ट्रा’ हे एकच नाव मिळते आणि कंसातील देश गळून पडतो. नाव, वर्णन, साल, निर्माता, प्रकार, खेळाडूंची संख्या, या सर्वांना लाँचरच्या नोंदीत रकाना आहे. पाठाला मात्र नाही.

येथे भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९६६मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण अपरिहार्य आहे. त्या संपादकांनीही निवड केली, आणि ती निर्दय वाटावी अशी होती. व्यासांचा लेखनिक झालेल्या गणेशाची कथा त्यांनी मुख्य संहितेतून बाहेर काढली. पण ती परिशिष्टात ठेवली. वगळलेले काय, कोणत्या पोथ्यांत ते आहे, हे पानाखाली आणि पाठीमागे नोंदवले. म्हणून त्यांचा निर्णय न पटणाऱ्याला त्याच ग्रंथाच्या आधारे त्यांच्याशी भांडता येते. लाँचरही संहिता निश्चित करतो. मात्र त्याला तळटीप नाही. माझा आक्षेप निवडीला नाही, निवड झाली हे लपवण्याला आहे.

हा आक्षेप आपल्यापाशी, महाराष्ट्रात, अधिक बोचरा होतो. नव्वदच्या दशकात आपल्या मध्यमवर्गीय घरांत आलेला ‘व्हिडिओ गेम’ बहुधा निन्टेन्डोच्या १९८३च्या फॅमिकॉमची नक्कल असे. कॅसेटवरच्या चिठ्ठीवर हजारोंचा किंवा लाखांचा आकडा आणि आत मोजके गेम. तेच वेगळ्या नावाने किंवा पुढल्या टप्प्यापासून सुरू करून आकडा भरलेला. निर्मात्याचे नाव आणि साल पुष्कळदा खोडलेले. ती यादी हाच आमचा पहिला लाँचर, आणि तो धडधडीत खोटे बोलत होता.

अशी एक कॅसेट माझ्याकडे अजून आहे. चिपमधला मजकूर उतरवून घेतला तेव्हा पडदा काळाच राहिला. रॉमच्या आरंभीच्या सोळा बाइटांत कॅसेटमधील स्मृतीची रचना सांगणारा एक क्रमांक असतो. तो चुकला होता. दुरुस्त केल्यावर ती ओळखीची यादी उमटली. लाँचरमध्ये मात्र त्या जागी कोरी चौकट आहे : मुखपृष्ठ नाही, साल नाही, वर्णन नाही. माहिती भरणारे साधन फाइलच्या बाइटांवरून काढलेली एक ओळखसंख्या मोठ्या कोशाशी ताडून पाहते, आणि माझी संख्या त्याच्या कोशात नाही. अमेरिकेतील मुलांनी जे खेळले ते ‘कृती’ ठरले. आमच्यातल्या अनेकांनी प्रत्यक्षात जे खेळले ते अनोळखी फाइल.

या कॅसेटी चोरीच्या होत्या, असे कोणी म्हणेल. होत्याच. मूळ कर्त्यांना त्यांचा पैसा मिळाला नाही आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु ग्रहणाचा इतिहास लिहिताना वाचकाच्या हाती अधिकृत प्रत होती की नव्हती एवढ्यावर आपण थांबत नाही. कोणती प्रत होती हे विचारतो. दुसरा आक्षेप सोयीचा : संध्याकाळी घटकाभर खेळू पाहणाऱ्याला पाठभेद कशाला हवेत? हेही मान्य. त्याला स्वच्छ यादीच मिळावी. मात्र त्या स्वच्छतेमागे एक कळ असावी. ती दाबली की वगळलेल्या आवृत्त्या आणि वगळण्याचे कारण दिसावे. लाँचर आपल्या मनाप्रमाणे बदलता येतो याचा अर्थ आज पार्श्वभूमीचा रंग बदलता येतो एवढाच उरला आहे.

हे काम प्रोग्रॅमरांवर सोडून चालणार नाही, कारण अडचण वर्णनाची आहे, आणि वर्णन हे आपले काम. मी ते मराठीत करून पाहिले. देवनागरी टंक जोडला, पण मूळ इम्युलेशनस्टेशन अक्षरे सुटीसुटी, एकापुढे एक मांडतो. ‘किल्ला’ लिहिले तर ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या मागाहून उमटते आणि जोडाक्षर फुटून मध्ये पाय मोडलेला ‘ल’ उभा राहतो. लाँचरचे उगमलेखन सर्वांसाठी खुले आहे. हा दोष हटवता येण्याजोगा आहे. तो खटकणारी माणसे मात्र आपल्यातूनच यायला हवीत.

तोवर मी त्या कॅसेटची नोंद तशाच मोडक्या मराठीत करून ठेवली आहे. शीर्षक : चिठ्ठीवरील आकडा, जसाच्या तसा. साल : नोंदलेले नाही. निर्माता : नाव खोडलेले. वर्णनाच्या रकान्यात आतल्या प्रत्येक गेमचे मूळ नाव, यादीतले खोटे नाव आणि तो कोणत्या टप्प्यापासून सुरू होतो हे लिहिले आहे. आणि लिहिण्यापूर्वी, या खेपेस, लाँचर बंद केला होता.